अध्यापन सोडून प्रकाशन आणि चित्रपटनिर्मिती: साहित्याच्या प्राध्यापकाने हा मार्ग धरावा का?

गंगापूररोड

नमस्कार. मी नाशिकमधील एका अनुदानित महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवतो. माझी नेमणूक २००३ सालची असल्यामुळे मी जुन्या निवृत्तिवेतन योजनेत येतो, आणि स्वेच्छानिवृत्तीसाठी लागणारी २० वर्षांची अर्हताकारी सेवाही पूर्ण झाली आहे. वयाची साठी गाठायला अद्याप बराच अवकाश आहे. या टप्प्यावर नोकरी सोडून एक लहान प्रकाशनसंस्था सुरू करावी आणि तिच्या जोडीने चित्रपटनिर्मितीत उतरावे, असा विचार बऱ्याच दिवसांपासून मनात घर करून आहे.

त्याला निमित्त झाले ते एका हस्तलिखिताचे. दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागायतदारांनी शाळेच्या रेघी वह्यांमध्ये लिहिलेली लघुकादंबरी माझ्याकडे वाचायला आली. तिच्यातला एक प्रसंग सांगतो. माल उतरवण्याआधी व्यापारी बागेत येतो, दोन-चार घडांतले मणी चिरडून रसाचा थेंब गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो, ते उपकरण डोळ्याला लावून उजेडाकडे पाहतो, आकडा मनातच ठेवतो आणि काच सदऱ्याच्या टोकाने पुसून टाकतो. शेतकऱ्याला गोडी किती भरली ते समजत नाही, त्याला थेट भाव ऐकवला जातो. इतक्या नेमकेपणाने लिहिणारा माणूस छापलाच गेला नाही, तर आम्ही वर्गात वास्तववाद शिकवतो तो कशासाठी, असे मला मनापासून वाटले.

माझा एक माजी विद्यार्थी मुंबईत सहायक दिग्दर्शक म्हणून काम करतो. त्याने ही कादंबरी वाचली आणि यावर चित्रपट व्हायलाच हवा असे त्याचे म्हणणे पडले. भांडवल म्हणून उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणातून, म्हणजे त्याचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्यातून, मिळणारे पैसे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. या दोन्ही क्षेत्रांत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी आणि मराठीच्या वाचकांनीही आपले मत मोकळेपणाने सांगावे.

पंचवटीकर

सर, विचार उत्तम आहे. फक्त दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू करणार की आधी पुस्तक आणि मग चित्रपट, हे स्पष्ट केलेत तर सल्ला देणे सोपे जाईल.

खिळाछपाई

वडिलांच्या काळापासून आमचा छापखाना आहे, त्यामुळे पहिल्या भागाबद्दल अधिकाराने लिहू शकतो. डेमी आकारातले १६० पानांचे पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांचे १० फर्मे. समजा, त्याची किंमत २०० रुपये ठेवली. त्यातले ४० टक्के, म्हणजे ८० रुपये, विक्रेता आणि वितरक यांच्या सवलतीत जातात, आणि वितरकाला पुस्तक हवे असेल तर हा आकडा ५० टक्क्यांपर्यंतही जातो. लेखकाचे मानधन १० टक्के धरले तर २० रुपये. राहिले १००. पाचशे प्रतींच्या आवृत्तीत कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीमागे ६५ रुपये धरा. उरलेल्या ३५ रुपयांत अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, टपालखर्च आणि गोदामाचे भाडे बसवायचे असते. सगळ्या पाचशे प्रती विकल्या गेल्या, तरी या सगळ्यासाठी हातात १७,५०० रुपये येतात. पुस्तक व्यवसायात मराठी प्रकाशकाचा खरा जीव वसुलीत अडकलेला असतो, कारण विक्रेत्याकडे गेलेल्या प्रतींचे पैसे कित्येक महिन्यांनी येतात, आणि न विकलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येतात.

हे नाउमेद करण्यासाठी लिहीत नाही. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे विनामूल्य मिळतो, छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, आणि आता मागणीनुसार छपाई होत असल्यामुळे पूर्वीसारखी अकराशे प्रतींची आवृत्ती काढून ती माळ्यावर रचून ठेवण्याची गरज उरलेली नाही. मात्र १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. नवे प्रकाशक ते हमखास विसरतात. आपण विसरू नका.

सिन्नरकर

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहितो. मी नेट उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झालेली आहे आणि तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतो. सर, आपण जागा सोडलीत तर ती आमच्यापैकी कोणाला पूर्ण वेतनावर मिळेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात रिक्त पद भरायला शासनाची परवानगी लागते. ती येईपर्यंत त्या जागेवर तासिका तत्त्वावरचेच कोणीतरी येते, आणि सुटीच्या महिन्यांत त्याच्या हाती काही पडत नाही. मराठी विभागात एक पूर्णवेळ प्राध्यापक असणे आणि नसणे यात विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार अंतर आहे. ज्या बागायतदारांना आपल्याकडे वही घेऊन यावेसे वाटले, ते आपण प्राध्यापक आहात म्हणूनच आले, हेही लक्षात घ्यावे.

आपण शिकवत राहूनही हे पुस्तक निघू शकते. चांगल्या प्रकाशकाकडे प्रस्तावना लिहून द्या, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे तिच्यातून प्रयत्न करा. त्यासाठी राजीनाम्याची आवश्यकता मला दिसत नाही.

वाचनकट्टा

सिन्नरकर सरांची वेदना खरी आहे, पण त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. शासन पदे भरत नाही याची जबाबदारी गंगापूररोड सरांच्या खांद्यावर टाकणे बरोबर नव्हे. माणसाने आपल्या कामाचे रूप बदलले म्हणजे त्याने साहित्य सोडले असे होत नाही.

मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची अनेक वर्षांची सभासद आहे. १८४० साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या कपाटांसमोर उभे राहिले की लक्षात येते, मराठी पुस्तकांची वानवा नाही, वानवा आहे ती संपादित पुस्तकांची. हल्ली लेखकाकडून पैसे घेऊन मजकूर जसाच्या तसा छापला जातो. एकाच पात्राचे नाव दोन प्रकरणांत दोन प्रकारे येते, आणि संवादातली बोली मध्येच प्रमाणभाषा होऊन बसते. श्री. पु. भागवतांसारखे संपादक लेखकाशी सविस्तर पत्रव्यवहार करून हस्तलिखितावर काम करत असत, त्या परंपरेला आज वारस हवे आहेत. साहित्याच्या प्राध्यापकाकडे ही दृष्टी तयार असते, मात्र ती विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर खर्ची पडते. म्हणून आपण प्रकाशनात जावे असे मला ठामपणे वाटते. चित्रपटाबद्दल मी नंतर लिहीन.

रामकुंड

विषय नाशिकचा आहे, मग दादासाहेब फाळक्यांशिवाय तो पुढे जाणार नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला हा माणूस चित्रपटाकडे वळण्याआधी छपाईच्याच धंद्यात होता. लोणावळ्याला त्यांनी छापखाना काढला, पुढे तो दादरला हलवला, आणि रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी मतभेद झाल्यावर छापखाना सुटला आणि मग पडद्यावरचे ख्रिस्तचरित्र पाहून चित्रपटाचे वेड लागले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्यानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला आणले. म्हणजे छापलेल्या पानाकडून पडद्याकडे जाण्याची वाट या गावाने शंभर वर्षांपूर्वी पाहिलेली आहे. सर, आपण बिनधास्त पुढे व्हा.

कॅमेऱ्यामागे

रामकुंड, फाळक्यांचे चरित्र सांगायचे तर पूर्ण सांगायला हवे. त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि त्याच सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत राबत होत्या. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली ती भांडवलदार भागीदारांच्या पैशावर. त्यांच्याशी पटेना म्हणून दादासाहेब काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले, आणि १९२२ मध्ये पुन्हा त्याच कंपनीत परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या हाती संपत्ती म्हणावी असे काही राहिले नव्हते. छापखान्यात आणि चित्रपटात, दोन्हीकडे त्यांची अडचण भागीदारीतून आली, हा त्यांच्या आयुष्यातला आपल्याला उपयोगी पडणारा भाग आहे.

मी निर्मिती व्यवस्थापनाचे काम करतो, म्हणून प्रत्यक्ष गोष्टी लिहितो. अगदी लहान मराठी चित्रपटाचा खर्चही कोटीच्या घरात जातो, आणि चित्रीकरण संपले म्हणजे खर्च संपला असे होत नाही. संकलन, डबिंग, ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्कार झाल्यावर प्रसिद्धीचा खर्च वेगळा उभा राहतो. पुष्कळ निर्माते पहिल्या टप्प्यातच सगळी पुंजी संपवतात आणि तयार चित्रपट प्रदर्शित करायला पैसे उरत नाहीत. शासनाच्या अनुदानाबद्दलही गैरसमज असतात. कित्येक वर्षे ‘अ’ दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख अशी त्याची रचना राहिली, पण ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉर प्रमाणपत्र मिळून, समितीने परीक्षण केल्यानंतर हाती पडते. ते भांडवल म्हणून धरता येत नाही.

आपल्या कथेची एक खास अडचण आहे. त्यात द्राक्षबाग आहे, आणि बाग चित्रीकरणाच्या तारखांसाठी थांबत नाही. ऑक्टोबरची फळछाटणी दाखवायची आणि पिकलेले घडही दाखवायचे, तर मध्ये चार-साडेचार महिने जातात. म्हणजे तेच कलाकार, तोच चमू दोनदा गोळा करायचा, आणि एप्रिलची खरड छाटणी हवी असेल तर तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी प्रवास, निवास, जेवण आणि कॅमेऱ्याचे भाडे नव्याने. फवारणी चालू असलेल्या बागेत चाळीस माणसे उभी करायला कोणताही शेतकरी सहज तयार होत नाही, कारण एका घडाला धक्का लागला तरी निर्यातीच्या मालात तो बाद होतो. हे सगळे करता येते, पण उपदानाच्या पैशातून करू नये, इतके मी कळकळीने सांगतो.

पंचवटीकर

कॅमेऱ्यामागे, शेवटचा परिच्छेद वाचून निर्माता होण्याचा अर्थ मला पहिल्यांदा समजला. धन्यवाद.

देवळालीकॅम्प

थोडे विषयाच्या काठाने जातो, पण संबंध आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वीस वर्षांनी तिच्यावर चित्रपट काढला तो आचार्य अत्र्यांनी, आणि अत्रेही मूळचे शिक्षकच, पुण्यात मुख्याध्यापक म्हणून त्यांनी काम केले, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली. १९५३ च्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. एका शिक्षकाने नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक दुसऱ्या शिक्षकाने पडद्यावर आणले, ही गोष्ट आपल्या शहराने अधिक अभिमानाने सांगायला हवी. शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकरही कोल्हापूरला जाऊन चित्रपटकथा लिहू लागले होते. मराठीत शिक्षक आणि चित्रपट यांचे नाते जुने आहे, त्यामुळे सरांच्या विचाराला वेडे धाडस म्हणण्याचे कारण नाही.

सिन्नरकर

देवळालीकॅम्प, आपण दिलेली उदाहरणे आदराने मान्य करतो. पण दुसरे उदाहरणही नाशिकचेच आहे. प्रा. वसंत कानेटकर एचपीटी महाविद्यालयात शिकवत असतानाच त्यांची नाटके रंगभूमीवर गाजली. ‘अश्रूंची झाली फुले’ वरून १९६९ साली हिंदी चित्रपट निघाला. कानेटकरांना त्यासाठी निर्माता व्हावे लागले नाही. त्यांनी लेखन केले, ज्यांचा व्यवसाय चित्रपटाचा होता त्यांनी चित्रपट काढला. साहित्यिकाने आपल्या सामर्थ्याच्या जागी उभे राहावे एवढेच मला म्हणायचे आहे.

वाचनकट्टा

आणि तात्यासाहेब शिरवाडकर? तरुणपणी ते येथल्या गोदावरी सिनेटोनमध्ये गेले, ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली आणि तिच्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. तो चित्रपट चालला नाही. पुढे १९४२ साली ‘विशाखा’ प्रकाशित झाली ती खांडेकरांनी पदरचे पैसे घालून काढली म्हणून. त्या वेळी कवी तिशीचा होता आणि त्याच्यावर विश्वास टाकणारा स्वतः नामवंत लेखक होता. ज्या संग्रहाने मराठी कवितेला वळण दिले त्याच्यामागे एका वाचकाची पारख आणि त्याचे पैसे उभे होते. मला गंगापूररोड सरांमध्ये तो खांडेकरांचा गुण दिसतो. म्हणून म्हणते, प्रकाशन करा आणि पूर्ण वेळ करा.

कलम१९

मी वकील आहे, स्वामित्वहक्काची प्रकरणे पाहते. वरच्या चर्चेत एक महत्त्वाची गोष्ट आलेली नाही, ती म्हणजे या कादंबरीचा मालक कोण. पुस्तक प्रकाशित करण्याचा हक्क आणि त्यावरून चित्रपट करण्याचा हक्क हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ अशी एक ओळ टाकून दोन्ही आपल्याकडे आले असे अनेक जण समजतात, ते चुकीचे आहे. स्वामित्वहक्क कायदा १९५७, कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर हे लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते हस्तांतरण मानले जाते, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, तो हातातून जातो. चित्रपटाला वर्षाहून अधिक काळ लागतोच, त्यामुळे ही शेवटची तरतूद आपल्या दृष्टीने कळीची आहे.

चित्रपटासाठी प्रथम ठरावीक मुदतीपुरता हक्क राखून ठेवण्याचा करार करावा. त्यासाठी लेखकाला थोडी रक्कम द्यावी, पैसे उभे राहिले तरच पूर्ण हक्क विकत घ्यावेत, न राहिल्यास हक्क आपोआप लेखकाकडे परत जावेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापराच्या मानधनातला आपला वाटा निर्मात्याला सोडून देता येत नाही. करारात तसे लिहिले तरी ते कलम टिकत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्याशीही भागीदारीचा लेखी करार करा. पटकथा तो लिहिणार असेल तर ती पटकथालेखकांच्या संघटनेकडे नोंदवून घ्यावी.

गंगापूररोड

सर्वांचे मनापासून आभार. कलम१९ ताईंच्या उत्तराने माझ्या विचारातला मोठा गुंता सुटला. पंचवटीकरांचा पहिला प्रश्न राहिला होता. दोन्ही गोष्टी एकदम सुरू करण्याचा मानस होता, कारण चित्रपटाच्या प्रसिद्धीचा पुस्तकाला फायदा होईल असे मला आणि माझ्या विद्यार्थ्याला वाटत होते. खिळाछपाई यांचा हिशेब आणि कॅमेऱ्यामागे यांनी सांगितलेले बागेचे वेळापत्रक पाहता आधी पुस्तक हाच क्रम योग्य दिसतो.

सिन्नरकर सरांचा मुद्दा मला टोचतो आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगतो की वर्गात मी जे शिकवतो त्यातले जिवंत लेखन दिवसेंदिवस कमी होत चालले आहे. नेमलेली पुस्तके, मार्गदर्शके, प्रश्नपत्रिकांचे ठरलेले साचे. तालुक्याच्या गावांतून लिहिणारी माणसे मात्र वाढत आहेत आणि त्यांच्यापर्यंत कोणीही पोहोचत नाही. हे काम सुटीत आणि रविवारी होणारे नव्हे.

नांदूरनाका

सर, नोकरी कशाला सोडता? वहिनींच्या नावावर प्रकाशन काढा, आपण पडद्यामागून काम करा. कितीतरी जण असेच करतात.

सिन्नरकर

नांदूरनाका, हा सल्ला कृपया देऊ नका. अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकाला परवानगीशिवाय व्यवसाय करता येत नाही, आणि शासकीय वर्तणूक नियमांचे सूत्र असे आहे की कुटुंबातील व्यक्ती व्यवसाय करत असेल तर तेही कळवावे लागते. पण नियम बाजूला ठेवले तरी, लेखकाशी करार करणारी व्यक्ती एक आणि हस्तलिखितावर निर्णय घेणारी दुसरी, हे लेखकाच्या दृष्टीने योग्य नाही. माझा सरांच्या राजीनाम्याला विरोध आहे, पण असे करण्यापेक्षा त्यांनी राजीनामा दिलेला मला चालेल.

कॅमेऱ्यामागे

सिन्नरकरांशी पूर्ण सहमत.

वाचनकट्टा

चित्रपटाबद्दल नंतर लिहीन म्हटले होते, ते आता लिहिते. कादंबरीतला रिफ्रॅक्टोमीटरचा प्रसंग मला पहिल्या दिवसापासून सोडत नाही. त्यात व्यापारी फसवणूक करतो ती खोटे बोलून करत नाही. आकडा त्याला दिसतो आणि शेतकऱ्याला दिसत नाही, एवढ्यावर सगळा सौदा फिरतो. आता, सर, आपण प्रकाशकही होणार आणि निर्मातेही. दिंडोरीचे ते काका दोन करारांवर सही करतील आणि दोन्ही वेळा टेबलाच्या पलीकडे आपणच बसलेले असाल. आपला हेतू शुद्ध आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण किती प्रती छापल्या, किती विकल्या, चित्रपटाचे हक्क कोणत्या वाहिनीला कितीला गेले, हे आकडे आपल्याला दिसतील आणि त्यांना दिसणार नाहीत. त्यांचा आपल्यावर गुरुजी म्हणून विश्वास आहे, म्हणून ते विचारणारही नाहीत. माझी विनंती आहे की करारातच लिहावे: दर सहा महिन्यांनी छापखान्याच्या बिलासह विक्रीचा हिशेब लेखकाला मिळेल, आणि चित्रपटाचा करार करताना लेखक आपल्या पसंतीच्या दुसऱ्या वकिलाचा सल्ला घेईल.

कलम१९

वाचनकट्टा ताई, आपण कायद्याच्या भाषेत न लिहिताही हितसंबंधांच्या संघर्षाचा मुद्दा अचूक मांडला आहे. सहा महिन्यांचा हिशेब आणि लेखकाने हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क, अशी दोन्ही कलमे करारात सहज बसतात. दुसऱ्या वकिलाचे शुल्क प्रकाशकाने द्यावे, पण निवड लेखकाची असावी.

खिळाछपाई

छापखान्याचे बिल लेखकाला दाखवायला आमच्यासारख्यांची काहीच हरकत नसते. विचारतो कोण, हाच प्रश्न आहे. आवृत्तीच्या पानावर प्रतींची संख्या छापण्याची जुनी पद्धत होती. तीही पुन्हा सुरू करावी असे सुचवतो.

रामकुंड

कॅमेऱ्यामागे यांनी फाळक्यांबद्दल लिहिले ते मान्य. तरी एक विचारतो. सगळ्यांनी इतका हिशेब केला असता तर १९१३ साली तो चित्रपट निघाला असता का? धोका पत्करणारा कोणीतरी लागतोच.

कॅमेऱ्यामागे

लागतो, याबद्दल दुमत नाही. पण चित्रपटातला धोका वाटून घेता येतो. सरांनी पैसा घालणारा निर्माता होण्याऐवजी मूळ हक्क, पटकथेचा विकास आणि लेखकाची साथ हे आपले योगदान म्हणून ठेवावे. तयार पटकथा, वर उल्लेख झालेला हक्कांचा करार आणि एखाद्या बागेत फळछाटणीच्या हंगामात घेतलेले चार-पाच मिनिटांचे चित्रण एवढे साहित्य हातात असेल, तर भांडवल घालणाऱ्या संस्थेसमोर बोलता येते. पटकथेवर दोन वर्षे गेली तरी तो खर्च एका माणसाच्या श्रमाचा असतो. चित्रीकरणाचा एक दिवस वाढला तर तो साऱ्या चमूचा असतो. साहित्याच्या प्राध्यापकाचे कौशल्य पहिल्या कामात आहे. तो रिफ्रॅक्टोमीटरचा प्रसंगच पाहा. कादंबरीत तो काही पानांचा असेल, पडद्यावर मिनिटभराचा होईल, आणि त्या मिनिटात व्यापाऱ्याच्या डोळ्याला दिसणारा आकडा प्रेक्षकाला दाखवायचा की नाही, हा निर्णय संपूर्ण चित्रपटाचा सूर ठरवेल. तो निर्णय घ्यायला सरांसारखा वाचक खोलीत असायला हवा.

गंगापूररोड

चर्चेतून माझा निर्णय बराचसा पक्का झाला आहे, तो इथे नोंदवतो. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस सेवामुक्त होता येईल अशा बेताने तीन महिन्यांची स्वेच्छानिवृत्तीची नोटीस देणार आहे, जेणेकरून सध्याच्या वर्गांचा अभ्यासक्रम अर्धवट राहणार नाही. एम.ए.च्या ज्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प माझ्याकडे आहेत त्यांचे मार्गदर्शन विनामूल्य पूर्ण करीन. सिन्नरकर सर, रिक्त होणारे पद तातडीने भरण्याचा प्रस्ताव जावा म्हणून मी संस्थेला लेखी विनंती करणार आहे. त्याचे फळ काय मिळेल याची खात्री देऊ शकत नाही.

प्रकाशनात उपदानाचा काही भागच घालीन. भविष्यनिर्वाह निधीला हात लावणार नाही आणि अंशराशीकरणही करणार नाही. पहिले पुस्तक ही लघुकादंबरीच असेल. करारात सहामाही हिशेबाचे आणि वह्या पाहण्याचे कलम असेल, आणि चित्रपटाचा करार वेगळा, लेखकाच्या वकिलामार्फत होईल. चित्रपटात पैसा घालणार नाही, पटकथेवर माजी विद्यार्थ्याबरोबर काम करीन. त्यालाही हे सांगितले. सुरुवातीला तो नाराज झाला, पण त्याने कॅमेऱ्यामागे यांचे दोन्ही प्रतिसाद वाचले आणि ऑक्टोबरच्या छाटणीचे चित्रण आपण स्वतः करू म्हणून तयारीला लागला आहे.

सिन्नरकर

सर, माझे मत बदललेले नाही, तरी आपल्या कामाला मनापासून शुभेच्छा. प्रस्तावाची प्रत पाठवलीत तर आमच्या संघटनेमार्फत उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात पाठपुरावा करता येईल. आणि मुद्रितशोधनासाठी वाचक हवा असेल तर मी करीन.

देवळालीकॅम्प

पहिल्या प्रतीची मागणी आताच नोंदवून ठेवा.

खिळाछपाई

गंगापूररोड सर, आता कामाचे दोन शब्द. वह्या अक्षरजुळणीला देण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करून घ्या आणि मूळ वह्या लेखकाकडेच राहू द्या. जुळणी करणारी मुले बोलीतले शब्द चुकीचे समजून दुरुस्त करतात. दिंडोरीकडचे आणि बागेतले असे जे खास शब्द आहेत त्यांची यादी सोबत दिलीत तर मुद्रिताची एक फेरी वाचेल आणि वेळही वाचेल. कादंबरी डेमीत काढणार की क्राउनमध्ये, आणि अंदाजे किती पाने होतील, ते कळवा, म्हणजे कागदाचा आजचा भाव सांगतो.